व्हिडिओवरून शिकवताय? विचारा बिनधास्त

प्रश्न: मी सातारा जिल्ह्यातल्या जि. प. शाळेत सातवीला गणित शिकवते. पूर्णांकांच्या गुणाकारावर २५ मिनिटांचा व्हिडिओ केला, अख्खा रविवार गेला त्यात, आणि यूट्यूबवर टाकून लिंक पालकांच्या ग्रुपवर दिली. आता बघते तर सरासरी पाहण्याचा वेळ दोन मिनिटं! चांगला माईक घेऊ का?

उत्तर: माईकचे पैसे वाचवा मॅडम. पंचवीस मिनिटं कोणीच बघत नाही, आपण तरी ट्रेनिंगचे व्हिडिओ लावून देतो आणि चहा टाकायला जातो की नाही? एकच अडचण घ्या, ऋण गुणिले ऋण धन का येतं एवढीच, आणि चार मिनिटांत आटपा. (−२)×२ म्हणजे −४, (−२)×१ म्हणजे −२, (−२)×० म्हणजे ०, दर वेळी उत्तर दोनने वाढतंय एवढं दाखवा, मग खाली (−२)×(−१) लिहा आणि तिथेच व्हिडिओ बंद करा. उत्तर सांगायचंच नाही. ते पोरांनी सांगायचं, कारणासकट, व्हॉइस मेसेजवर. चुकीची उत्तरं जास्त कामाची असतात, दुसऱ्या दिवशी त्यातलं एक नाव न घेता फळ्यावर लिहा आणि वर्गालाच विचारा.

आणि नुसतं समजावून सांगणारंच काही हवं असेल तर आधी बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा अॅपने स्कॅन करून बघा, धड्याचं तयार साहित्य बऱ्याचदा तिथे असतंच. जि. प. शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं त्यात या क्यूआर कोडच्या कामाचा मोठा वाटा होता आणि आपल्यातल्याच कित्येकांनी तो कोड अजून एकदाही स्कॅन केलेला नाही.

प्रश्न: राजापूर तालुक्यातली माध्यमिक शाळा. नववीच्या मुलांना 'आपल्या वाडीत पाणी कुठून येतं' यावर गटाने व्हिडिओ करायला सांगितला. पोरं चार वाड्यांतली, घरात फोन एक, तो संध्याकाळपर्यंत वडिलांच्या खिशात, आणि रेंज सड्यावर (वरच्या कातळ-माळावर) गेलं तरच. गूगल मीटवर एकत्र आणायला गेलो तर दोघंच आले. एकत्र काम करून कसं घ्यायचं?

उत्तर: सर, मीट सोडून द्या. एकाच वेळी सगळे ऑनलाइन हवेत हा हट्टच तुमच्याकडे चालणार नाही, आणि त्याची गरज पण नाही. आधी शाळेतच कागदावर ठरवून घ्या, कोण विहिरीचं दाखवणार, कोण पऱ्याचं (ओढ्याचं), आजीला प्रश्न कोण विचारणार, टाकी किती लिटरची आणि पाणी किती वेळ येतं हे कोण मोजणार. मग प्रत्येकाने वडील घरी आल्यावर ४० सेकंदांची एक क्लिप काढायची, बस. फोन आडवा धरायचा, उजेड कॅमेऱ्याच्या पाठीमागून हवा, आणि बोलणाऱ्याच्या जवळ जायचं, कारण लांबून वारा आणि कोंबडेच ऐकू येतात. व्हॉट्सअॅपवर साधा व्हिडिओ पाठवला की तो दाबला जाऊन धूसर होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो, पण त्याला नेट जास्त लागतं, तेव्हा ज्यांना जमेल त्यांनी मेमरी कार्डच शाळेत आणलेलं बरं. जोडायला इनशॉटसारखं कुठलंही साधं अॅप चालतं.

खरी मजा पुढे आहे. एका गटाचा व्हिडिओ दुसऱ्या गटाला दाखवा आणि मिनिट-सेकंद टाकून लिहायला लावा, "१:२० ला टाकी दाखवली पण पाणी तिच्यात येतं कुठून ते कळलं नाही". मग पहिल्या गटाने तेवढीच क्लिप परत काढायची. मार्क या दुरुस्तीला द्या, म्युझिक आणि फिरत्या अक्षरांना नको. नाहीतर ज्याला एडिटिंग येतं तो एकटा सगळं करतो आणि बाकीचे नावं लावतात, हे आपण सगळ्यांनी बघितलंय.

प्रश्न: माझी मुलगी सहावीत आहे. शाळा म्हणते मुलांचे व्हिडिओ यूट्यूबवर 'अनलिस्टेड' ठेवतो, काळजी नको. खरंच नको का?

उत्तर: थोडी हवी ताई. अनलिस्टेड म्हणजे सर्चमध्ये येत नाही इतकंच, लिंक ज्याच्या हातात तो कोणीही बघू शकतो आणि आपल्या ग्रुपवरच्या लिंका कुठवर फिरतात ते तुम्हाला माहितीय. 'प्रायव्हेट' केलं तर ज्यांच्या ईमेलला परवानगी दिलीय त्यांनाच दिसतं. शाळेला सरळ सांगा की व्हिडिओच्या नावात मुलीचं पूर्ण नाव, वर्ग, शाळा नको, आणि जिथे चेहऱ्याची गरज नाही तिथे वही आणि हातच दाखवा, गणिताला चेहरा कशाला लागतो! २०२३ च्या डिजिटल डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती घ्यायची तरतूद आहे, त्यामुळे विचारायला संकोच करू नका, आणि वर्ष संपल्यावर व्हिडिओ डिलीट करणार का हेही विचारून घ्या.

प्रश्न: ज्युनिअर कॉलेजला शिकवतो. झूम की मीट? फुकटातलं सांगा.

उत्तर: फुकट झूम ४० मिनिटांत बंद पडतं, फुकट मीट तिघांपेक्षा जास्त असले तरी तासभर चालतं. पण पोरांना छोट्या गटांत पाठवायच्या ब्रेकआउट रूम झूमच्या फुकट खात्यातही मिळतात, मीटच्या फुकट खात्यात नाहीत. म्हणून लेक्चरला मीट, गटचर्चेला झूम. कॅमेरा चालू करा म्हणून मागे लागू नका, पाच-पाचच्या खोल्यांत टाकलं की निम्मे आपोआप बोलायला लागतात.

प्रश्न: मुलांनी छोटे व्हिडिओ करून टाकायचं ते फ्लिपग्रिड अॅप कुठे गेलं हो? मुलं त्यावर छान बोलायची.

उत्तर: मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये घेतलं आणि २०२४ मध्ये वेगळं अॅप बंद करून आपल्याच टीम्स या अॅपमध्ये घातलं. तुमच्याकडे टीम्स असेल तर तिथे शोधा. नसेल तर पॅडलेट या ऑनलाइन फळ्यावर (बोर्डवर) मुलं व्हिडिओ टाकू शकतात, फुकट खात्यात बोर्ड मोजकेच मिळतात, तेव्हा काम झालं की जुना पुसायचा आणि तोच परत वापरायचा.