बोटाचं हाड ‘लांब’ आणि बरगडी ‘चपटी’, असं कसं?

ताई, तुमचा प्रश्न असा होता की मुलगी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आहे, तिच्या मराठी नोट्समध्ये मांडीच्या हाडाबरोबर बोटांची हाडंपण ‘लांब हाडं’ या गटात टाकलीत आणि एवढी मोठी बरगडी मात्र ‘चपटी हाडं’ मध्ये, तर ही छपाईची चूक आहे की भाषांतराची, आणि ‘लांब’ला दुसरा बरा शब्द आहे का.

चूक कुठलीच नाही, नोट्स बरोबर आहेत. गोंधळ होतो तो ‘लांब’ या शब्दामुळे, कारण आपल्याला वाटतं टेप लावून मोजलं असणार. हे वर्गीकरण घडणीवरून आहे, मापावरून नाही. लाँग बोन म्हणजे ज्याला मधे दांडा आहे आणि दोन्ही टोकांना फुगीर डोकी आहेत, दांड्याची भिंत घट्ट टणक हाडाची, आत पोकळी आणि पोकळीत मज्जा, टोकांच्या आत स्पंजासारखं जाळीदार हाड. मांडीचं हाड तसं आहे, दंडाचं आहे, नडगीचं आहे, आणि बोटाच्या पेरातलं जेमतेम दोन-तीन सेंटीमीटरचं हाडसुद्धा त्याच घडणीचं आहे. एका हाताच्या बोटांत अशी 14 (अंगठ्यात दोन, बाकीच्यांत तीन तीन), पायाच्या बोटांतही तेवढीच, म्हणजे सगळी मिळून 56 झाली. मोठ्या माणसाच्या 206 हाडांपैकी 56 नुसती बोटांची, आणि सगळी ‘लांब’!

उलट टाचेचं हाड बघा. बोटाच्या कुठल्याही हाडापेक्षा कितीतरी मोठं, तरी ते शॉर्ट बोन म्हणजे ‘आखूड’ गटात, कारण त्याला दांडाच नाही, ते ठोकळ्यासारखं आहे, मनगटातली आठ बारकी हाडंपण त्याच गटातली. आणि बरगडी लांब असली तरी ती पट्टीसारखी दाबलेली आहे, वरखाली टणक हाडाचे दोन पातळ थर आणि मधे जाळीदार हाड, मधोमध पोकळ नळी नाही, म्हणून ती चपटी. छातीच्या मधलं हाड, खांद्याचा फरा, कवटीची वरची हाडं हीपण त्याच घडणीची. मणक्यासारखी जी कुठेच बसत नाहीत ती ‘अनियमित’.

आता चांगल्या शब्दाचं. मला मनापासून वाटतं की इथे इंग्रजी लाँगचं ‘लांब’ करायची गरजच नव्हती कारण आपल्याकडे याहून नेमका शब्द आधीपासून होता. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात हाडांचे पाच प्रकार दिलेत : कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक. कपाल म्हणजे खापरीसारखी पसरट, रुचक म्हणजे दात, तरुण म्हणजे नाक-कानातली मऊ म्हणजे आजच्या भाषेत कूर्चा, वलय म्हणजे बरगड्यांसारखी वळलेली, आणि नलक म्हणजे नळीसारखी. बघा, पाचातलं एकही नाव लांबी-रुंदीचं नाही, हाड हातात घेऊन बघितल्यावर जे दिसतं तेच नाव. (दात आणि कूर्चाही हाडांत धरल्यामुळे तिथली एकूण संख्या 300 येते, आणि चरकसंहितेत दातांची उखळं (दात बसतात ते खळगे) आणि नखंपण मोजलीत म्हणून 360. 206शी ताडून ‘चूक’ म्हणण्यात अर्थ नाही, मोजायचं काय हेच वेगळं ठरवलेलं होतं.)

आणि नलक हा पोथीतलाच शब्द आहे असंही नाही, मटण खाणाऱ्या कुठल्याही मराठी घरात तो रोज बोलला जातो, रश्श्यातली ‘नळी’! ती ताटावर आपटून किंवा तोंडाने ओढून आतला मगज काढतात ना, ते लाँग बोनच, बाहेर टणक भिंत, आत पोकळी, पोकळीत चरबीयुक्त मज्जा. टोकाकडचा तुकडा आला तर त्यात पोकळी नसते, बारीक जाळी दिसते, ते स्पंजी हाड. मुलीने एवढं नीट बघितलं तरी आकृती पाठ करायला लागणार नाही. लॅटिनमध्येही हीच नजर आहे, टिबिया म्हणजे नडगीचं हाड आणि टिबिया म्हणजे बासरीसारखं फुंकायचं वाद्यही. तेव्हा माझं मत ‘नळीचं हाड’ हाच शब्द सगळ्यात चांगला, बोटाचं हाड बारकी नळी आहे म्हटलं की कुणाला काही खटकत नाही. पण परीक्षेत जो शब्द नोट्समध्ये आहे तोच लिहायला सांगा, ‘लांब हाडे’ किंवा ‘दीर्घ अस्थी’, कंसात नळीसारखी म्हटलं तरी चालेल.

नळीच्या टोकांजवळ लहान मुलांमध्ये कूर्चेची एक पट्टी असते, तिथून हाड लांबीला वाढतं आणि वाढ संपली की ती पट्टी हाडात मिसळून जाते, हे बोटांच्या हाडांतही होतं (तिथे एकाच टोकाला). वयोगटाच्या क्रिकेटमध्ये मुलाचं वय ठरवायला हाताचा-मनगटाचा एक्सरे काढतात तो याच्याच जोरावर.

गुडघ्याची वाटी कुठल्या गटात हेही तुम्ही शेवटी विचारलं होतं. ती सेसमॉइड, म्हणजे स्नायूच्या कंडरेत (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीत) तयार होणारी. ग्रीकमध्ये तिळावरून पडलेलं नाव आहे, ‘तीळवत’ म्हणायला हरकत नाही, फक्त वाटी ही त्यातली सगळ्यात मोठी म्हणून तीळ कुठे दिसत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण पुढे नक्की अडेल. मज्जा हा शब्द मराठीत दोन ठिकाणी वापरतात. आयुर्वेदातल्या सात धातूंत अस्थीनंतर येणारी मज्जा म्हणजे हाडातली, सुश्रुत तर म्हणतो की मोठ्या हाडांत मज्जा असते आणि बाकीच्यांत रक्तमिश्रित मेद, आणि आजही मोठ्या माणसाच्या नळ्यांच्या पोकळीत पिवळी मज्जा आणि रक्त तयार करणारी लाल मज्जा मुख्यतः चपट्या हाडांत असंच शिकवतात, म्हणून तपासणीसाठी मज्जा कमरेच्या हाडातून काढतात. पण शाळेच्या पुस्तकातली मज्जासंस्था आणि मज्जारज्जू यांचा या मज्जेशी काही संबंध नाही, ते सगळं मेंदूचं आणि नर्व्हचं, म्हणजे चेतातंतूंचं. त्यामुळे बोन मॅरोसाठी नुसतं ‘मज्जा’ न लिहिता ‘अस्थिमज्जा’ असं पूर्ण लिहायला सांगा.