वाचक विचारतात : बॉल सोडणाऱ्या बॅटरचं मोल

मागच्या अंकात अमेरिकन बेसबॉलवर 'पुरस्कारांनी पाठ फिरवलेले बॅटर' अशी चौकट दिली होती. व्हेनेझुएलाच्या बॉबी अब्रेयूचं नाव तिच्यात सगळ्यात वर होतं, त्याच्यावर अन्याय झाला असं आमचं म्हणणं होतं. त्यावर खानदेशातून बरीच पत्रं आली. काहींनी आम्हाला चांगलंच फैलावर घेतलं आहे, तर काहींनी स्वतःच्या मैदानावरच्या अडचणी मांडल्या आहेत. त्यातले निवडक प्रश्न घेतो.

प्र. अब्रेयूच्या नावावर एमव्हीपी (हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) नाही, सरासरीत तो कधी लीगमध्ये पहिला आला नाही, होम रनमध्येही नाही. मग अन्याय कसला? — महाविद्यालयीन खेळाडू, जळगाव

उ. वर्तमानपत्रात सरासरी (मारून बेस गाठण्याचं प्रमाण), होम रन (थेट कुंपणापार फटका) आणि आरबीआय (बॅटरच्या खेळीमुळे निघालेल्या धावा) हे तीन रकाने सगळ्यात आधी छापले जायचे. या तिन्हींत तो कधीच पहिला आला नाही, इथवर तुमचं बरोबर आहे. १९९९ मध्ये त्याची सरासरी .३३५ होती, तरीही नॅशनल लीगमध्ये (दोन मोठ्या लीगपैकी एक) तो तिसरा राहिला.

आता पूर्ण कारकीर्द बघा. १९९६ ते २०१४ या काळात २,४२५ सामने, २,४७० हिट (मारून गाठलेला बेस), ५७४ डबल (दोन बेसची हिट), २८८ होम रन, ४०० चोरलेले बेस (फटक्याविना धावून गाठलेले) आणि १,४७६ वॉक (हद्दीबाहेरचे चार बॉल सोडून मिळालेला पहिला बेस). १९९९ ते २००६ अशी सलग आठ वर्षं त्याने दरसाल शंभर किंवा जास्त वॉक घेतले. एकाच हंगामात ३० होम रन आणि ३० चोरलेले बेस त्याने दोनदा केले, २००१ मध्ये आणि २००४ मध्ये. एवढ्या कामाबद्दल मिळालं काय? निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना दोनदा (२००४, २००५), बॅटिंगचा सिल्व्हर स्लगर पुरस्कार एकदा (२००४), क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह एकदा (२००५). एमव्हीपीच्या मतदानात तर तो बाराव्या क्रमांकाच्या वर कधी गेलाच नाही.

त्यातलं २००४ चं वर्ष घ्या. सरासरी .३०१, ऑन-बेस (बेसवर पोचण्याचं प्रमाण) .४२८, स्लगिंग (फटक्यांची ताकद) .५४४, ३० होम रन, ४० चोरलेले बेस, १२७ वॉक. हे वर्ष कुणाच्या लक्षात का राहिलं नाही? एक तर त्याच लीगमध्ये बॅरी बाँड्स खेळत होता आणि २००१ ते २००४ अशी चारही वर्षं एमव्हीपी त्यानेच नेली. दुसरं म्हणजे अब्रेयूचा फिलाडेल्फिया संघ त्याच्या काळात एकदाही प्लेऑफला (हंगामानंतरच्या बाद फेरीला) पोचला नाही. जुलै २००६ मध्ये तो न्यू यॉर्क यँकीज संघाकडे गेला आणि २००८ मध्ये फिलाडेल्फियाने वर्ल्ड सिरीज (अंतिम मालिका) जिंकली, हे त्याचं नशीब. एमव्हीपीसाठी लीगमधल्या प्रत्येक शहरातले दोन पत्रकार दहा-दहा नावं क्रमाने लिहितात. पहिल्या नावाला १४ गुण, दुसऱ्याला ९, मग ८, ७ असं उतरत दहाव्याला १. मतं प्लेऑफच्या आधीच दिली जातात, पण जिंकणाऱ्या संघाकडे पत्रकारांची नजर आधी जाते हे उघड आहे.

त्याला एमव्हीपी मिळायलाच हवी होती, असं आमचं म्हणणं नाही. बाँड्ससमोर ते शक्यच नव्हतं. कुंपणाजवळचं त्याचं क्षेत्ररक्षणही लेचंपेचं होतं, त्यामुळे गोल्ड ग्लोव्ह मिळाल्यावर पुष्कळांच्या भुवया वर गेल्या. पण ऑल-स्टार फक्त दोनदा, ही गोष्ट काही पटत नाही. त्यातलं २००४ चं स्थानसुद्धा चाहत्यांच्या शेवटच्या मतदानातून मिळालेलं.

प्र. तुम्ही त्याला टोनी ग्विनच्या पंक्तीत बसवलंत. ग्विनने ३,१४१ हिट केल्या. हे जरा जास्तच होतंय! — भुसावळ

उ. ग्विन म्हणजे सरासरीत आठ वेळा लीगमध्ये पहिला आलेला बॅटर. आम्ही फक्त बेसवर पोचण्यापुरती तुलना केली होती. गणित करून बघा.

ग्विन : ३,१४१ हिट + ७९० वॉक + २४ वेळा अंगाला बॉल (त्यावरही पहिला बेस मिळतो) = ३,९५५.
अब्रेयू : २,४७० हिट + १,४७६ वॉक + ३३ वेळा अंगाला बॉल = ३,९७९.

म्हणजे अब्रेयू ग्विनपेक्षा २४ वेळा जास्त बेसवर पोचला. तेही कमी पाळ्यांत (पाळी म्हणजे बॅटरचं एकदा बॅटिंगला येणं), कारण ग्विनच्या १०,२३२ आणि अब्रेयूच्या १०,०८१. ऑन-बेस ग्विनचा .३८८, अब्रेयूचा .३९५. स्लगिंगमध्येही अब्रेयूच पुढे, .४७५ विरुद्ध .४५९.

दुसरी बाजूही खरी आहे. दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर धावपटू उभा असेल तर सिंगलवर धाव निघते, वॉकवर तो जागचा हलेलच असं नाही. म्हणून हिट ही वॉकपेक्षा मौल्यवान, आणि ग्विनची आठ बॅटिंग अजिंक्यपदं काही फुकटची नाहीत. शिवाय अब्रेयू खेळला तो काळ धावांचा सुकाळ असलेला, हेही हिशेबात धरायला हवं. तरीसुद्धा ग्विन १५ वेळा ऑल-स्टार आणि अब्रेयू दोनदा, एवढी तफावत या आकड्यांतून काही निघत नाही.

प्र. आमच्या स्पर्धेत 'उत्कृष्ट बॅटर'ची ट्रॉफी दरवर्षी होम रन मारणाऱ्यालाच जाते आणि दरवर्षी वाद होतात. सामने सात इनिंगचे, प्रत्येक संघाला चारच. निकष कसा ठरवावा? — क्रीडाशिक्षक, चोपडा

उ. स्पर्धा सुरू होण्याआधी निकष लेखी काढा आणि कर्णधारांच्या सह्या घ्या. निम्मे वाद तिथेच मिटतात.

पात्रतेसाठी किमान पाळ्या ठरवा. मोठ्या लीगमध्ये दर सामन्याला ३.१ पाळ्या लागतात, १६२ सामन्यांना ५०२. तुमचे सामने सात इनिंगचे, म्हणजे ३.१ ला ७ ने गुणून ९ ने भागा. साधारण २.४ येतात. चार सामन्यांना दहा पाळ्या. हा नियम नसेल तर एकाच सामन्यात तीन पाळ्यांत दोन हिट करून बसलेला मुलगा ट्रॉफी घेऊन जातो.

मग प्रत्येकाचे दोन आकडे काढा. ऑन-बेस म्हणजे हिट, वॉक आणि अंगाला लागलेले बॉल यांची बेरीज; तिला ॲट-बॅट (वॉक, अंगाला लागलेले बॉल आणि सॅक्रिफाइस वगळून उरलेल्या पाळ्या), वॉक, अंगाला लागलेले बॉल आणि सॅक्रिफाइस फ्लाय (उंच फटक्यावर स्वतः आउट होऊन धाव काढून देणं) यांच्या बेरजेने भागायचं. स्लगिंगसाठी सिंगलला १, डबलला २, ट्रिपलला ३ आणि होम रनला ४ धरून बेरीज करायची आणि तिला फक्त ॲट-बॅटने भागायचं. दोन्हींची बेरीज म्हणजे ओपीएस.

समजा, पहिल्या खेळाडूच्या १४ पाळ्या झाल्या : १३ ॲट-बॅट, ४ सिंगल, १ होम रन, १ वॉक. सरासरी .३८५, ऑन-बेस .४२९, स्लगिंग .६१५, ओपीएस १.०४४. दुसऱ्याच्या १५ पाळ्या : ९ ॲट-बॅट, १ सिंगल, २ डबल, ५ वॉक, एकदा अंगाला बॉल. सरासरी .३३३, ऑन-बेस .६००, स्लगिंग .५५६, ओपीएस १.१५६. टाळ्या पहिल्याला पडतात, कारण होम रन सगळ्यांना दिसतो. पण दुसऱ्याने संघाचे सहाच आउट खर्च केले, पहिल्याने आठ. दर इनिंगला तीन, म्हणजे सात इनिंगमध्ये एकूण आउट मिळतात २१, तेव्हा दोन आउट ही लहान गोष्ट नाही.

ओपीएसमध्ये एक खोट आहे. ते ऑन-बेस आणि स्लगिंग दोन्हींना सारखं वजन देतं, प्रत्यक्षात ऑन-बेसचं वजन जास्त आहे. बरोबरी झाली किंवा फरक किरकोळ राहिला, तर वॉकला ०.७, सिंगलला ०.९, डबलला १.२५, ट्रिपलला १.६ आणि होम रनला २ गुण द्या (अंगाला लागलेला बॉल वॉकसारखाच धरा) आणि एकूण पाळ्यांनी भागा. वरच्या उदाहरणात पहिल्याला .४५०, दुसऱ्याला .५०७ मिळतात.

हिशेब चुकतो तो बहुतेकदा स्कोअरबुकात. क्षेत्ररक्षकाच्या चुकीवर बॅटर पोचला की नवखा स्कोअरर बेधडक हिट लिहितो; तिथे ॲट-बॅट धरायचा, हिट नाही. पुढच्या धावपटूला आउट करण्याच्या नादात बॅटर पहिल्या बेसवर पोचला, तरी तेच. सॅक्रिफाइस बंट (बॉल हलकेच टेकवून, स्वतः आउट होऊन धावपटूला पुढे नेणं) ॲट-बॅटमध्येही नाही आणि ऑन-बेसच्या भागाकारातही नाही. तिसरा स्ट्राइक (हुकलेला किंवा हद्दीत असून सोडलेला बॉल; तीन झाले की बॅटर आउट) कॅचरच्या, म्हणजे बॅटरमागे बसणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या, हातून सुटला आणि बॅटर धावत पोचला, तर तो ऑन-बेसच्या खात्यात जमा होत नाही. रोज सामना संपला की दोन्ही संघांच्या स्कोअररनी वही जुळवून घ्यावी. शेवटच्या दिवशी सगळं एकदम करायला गेलात की भांडणं ठरलेली.

प्र. आमचं मैदान काळ्या मातीचं. उन्हाळ्यात भेगा पडतात, बॉल कसाही उसळतो. अशा वेळी हिट की चूक? — नंदुरबार

उ. नेहमीच्या प्रयत्नाने बॉल अडवता आला असता का, हा एकच प्रश्न विचारा. भेगेत आपटून बॉल अचानक उसळला आणि अडवणं शक्य नव्हतं, तर हिट. बॉल सरळ आला आणि ग्लोव्हमधून सुटला, तर चूक. शंका उरली तर निर्णय एकाच स्कोअररकडे ठेवा, प्रेक्षकांकडे नको. आदल्या संध्याकाळी इनफिल्डवर (बेसभोवतालच्या आतल्या भागात) पाणी मारून हलका रोलर फिरवला तर निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत. मात्र सकाळी पाणी मारू नका, काळी माती बुटांना चिकटते आणि धावपटू घसरतात.

प्र. मी सॉफ्टबॉलमधून बेसबॉलकडे आलो. बॉल सोडला की बाहेरून 'हाण ना भो!' असा गलका होतो. नजर कशी तयार करायची? — शिरपूर

उ. सॉफ्टबॉलमध्ये बॉल खालून वर चढत येतो, इथे वरून खाली उतरतो. पिचर (बॉल टाकणारा) १८.४४ मीटरवर उभा असतो आणि ताशी १४५ किलोमीटरचा बॉल सुमारे ०.४ सेकंदात प्लेटवर (बॅटरशेजारच्या जमिनीतल्या पट्टीवर) येतो. जुनी सवय घेऊन खेळलात तर बॅट बॉलच्या वरून जाणार.

पिचर सराव करत असेल तेव्हा हेल्मेट घालून बॉक्समध्ये उभे राहा. बॅट फिरवायची नाही. बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये पडण्याआधीच 'बॉल' (हद्दीबाहेरचा) किंवा 'स्ट्राइक' असं मोठ्याने सांगायचं, चूक असेल तर कॅचरने लगेच बोलायचं. एका वेळी वीस-पंचवीस बॉल पुरे. त्यापुढे लक्ष उडतं. प्लेटची रुंदी ४३ सेंटिमीटर. तिच्या मागे दोन काठ्या रोवून एक दोरी गुडघ्याच्या वाटीखाली आणि दुसरी खांदा आणि कंबरेच्या मधोमध बांधा, म्हणजे वरची-खालची हद्द नजरेत बसेल. बॉलची कड जरी प्लेटवरून गेली तरी स्ट्राइक असतो, हे मात्र विसरू नका.

सामन्यात पहिला स्ट्राइक पडेपर्यंत आपल्या आवडत्या अर्ध्या भागातलाच बॉल खेळा. दोन बॉल-शून्य स्ट्राइक किंवा तीन-एक असेल तर आणखी चोखंदळ व्हा, कारण पिचरला आता बॉल हद्दीतच टाकावा लागतो. दोन स्ट्राइक झाले की बॅट इंचभर वर धरा आणि कडेचा बॉलही सोडू नका. पाऊल लवकर टाकलं तर डोकं हलतं आणि बॉल उडी मारल्यासारखा दिसतो. तसं होत असेल तर पाऊल लहान करा.

धोका उलट बाजूनेही आहे. बॉल सोडण्याचीच सवय लागली की मुलं तिसऱ्या स्ट्राइकला नुसती बघत उभी राहतात. अब्रेयू एका पाळीत सरासरी चाराहून जास्त बॉल बघायचा, आणि कारकिर्दीत १,८४० वेळा स्ट्राइकआउटही झाला. तेवढी किंमत मोजावी लागतेच.

प्र. हॉल ऑफ फेममध्ये (बेसबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत) अब्रेयू अजून जाऊ शकतो का? — रावेर

उ. हो. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी नाव मतपत्रिकेवर येतं आणि दहा वर्षं राहू शकतं. मात्र दरवर्षी किमान ५ टक्के मतं हवीत, आणि प्रवेशाला ७५ टक्के. अब्रेयूला पहिल्या वर्षी, २०२० मध्ये, ५.५ टक्के मिळाली, म्हणजे तो काठावर वाचला. २०२५ मध्ये १९.५ टक्के. संथ आहे, पण अशी उदाहरणं आहेत : लॅरी वॉकर २०१४ मध्ये १०.२ टक्क्यांवर होता आणि २०२० मध्ये, शेवटच्या संधीला, ७६.६ टक्के घेऊन आत गेला. स्कॉट रोलेनने २०१८ मध्ये १०.२ टक्क्यांवर सुरुवात केली आणि २०२३ मध्ये त्याचं काम झालं. एडगर मार्टिनेझला तर दहाव्या वर्षापर्यंत, २०१९ पर्यंत थांबावं लागलं. अब्रेयूची मुदत २०२९ पर्यंत आहे. मतदाराला एका पत्रिकेवर दहाच नावं लिहिता येतात, त्यामुळे ज्या वर्षी नवी मोठी नावं कमी असतील त्या वर्षी त्याचा टक्का चढण्याची शक्यता जास्त.