ऑम्नीच्या एक्सेलवर ट्रॉली करताना

भंगारातल्या मारुती ऑम्नी व्हॅनचा मागचा एक्सेल पाट्यांसकट (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांसकट) मिळालाय, त्यावर सासवडच्या शेतावरून माल पुण्यात आणायला कारमागे लावायची ट्रॉली करायची आहे, सुरुवात कुठून करू, असं विचारलंत. सांगाड्याच्या लोखंडी चॅनेलला कटर लावण्याआधी आरटीओत जाऊन या. मोटार वाहन कायदा 1988 च्या व्याख्येत ट्रेलरसुद्धा मोटार वाहनच आहे, त्यामुळे नोंदणीशिवाय रस्त्यावर काढता येत नाही आणि घरी केलेल्याची नोंदणी सहजासहजी होत नाही. शेतातल्या शेतात फिरवायची असेल तर गोष्ट वेगळी. तुमच्या कारच्या पुस्तिकेत किती वजन ओढायची मुभा आहे, मुळात आहे का, तेही बघा.

आता एक्सेल. इंजिनाकडून येणारा प्रोपेलर शाफ्ट काढून टाकला तरी चाकांबरोबर आतले क्राउन-पिनियन हे गिअर फिरतच राहतात, म्हणून गिअर ऑइल भरलेलंच हवं. जॅकवर उचलून चाक वरून-खालून धरून हलवा. खेळ लागला किंवा फिरवताना खरखर आली तर बेअरिंग नवीनच टाका. चॅनेल, फाळक्याच्या (मागच्या झडपेच्या) बिजागऱ्या जुन्या बाजारातून खुशाल घ्या, पण कपलिंग (ट्रॉली कारच्या हूकला जोडणारा भाग) आणि साखळ्या जुन्या नकोत. पाट्यांवर वेल्डिंगचा टाकासुद्धा मारू देऊ नका, पोलादाला दिलेलं पाणी उतरतं आणि पाटा तुटतो.

सगळ्यात जास्त वेळ एक्सेलच्या जागेवर घालवा. सांगाड्याचे दोन्ही कर्ण सारखे भरले की कपलिंगच्या मध्यापासून दोन्ही हबपर्यंत स्टीलच्या टेपने मोजा. ही मापं जुळली नाहीत तर ट्रॉली तिरकी ओढली जाते, टायर एका बाजूने झिजतात. एक्सेल हौद्याच्या मध्याच्या थोडा मागे ठेवा, म्हणजे भार पुढे राहतो. एक्सेल पाट्यांना धरणारे यू-बोल्ट लगेच कायमचे आवळू नका, भार बघून एक्सेलची जागा बदलावी लागू शकते. आधी नेहमीएवढा माल भरा, ट्रॉली सपाट जमिनीवर उभी करा आणि कपलिंग हूकच्या उंचीवर ठेवून त्याखाली घरातला वजनकाटा ठेवा. एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार तिथे पडायला हवा, म्हणजे 300 किलोला 30 ते 45 किलो. भार कमी पडला की वेग वाढताच ट्रॉली शेपटीसारखी डोलते आणि कारचा मागचा भागही सोबत ओढते. सासवडहून पुण्याला येताना लागणाऱ्या दिवे घाटाच्या उतारावर तर ट्रॉली मागून ढकलतेच, तिथे हे फार महागात पडेल. त्यामुळे घाटात पहिल्यापासून खालच्या गिअरमध्येच उतरायचं.

कार आणि ट्रॉलीमध्ये साखळ्या दोन लावा, ड्रॉबारखालून (कपलिंग बसवलेल्या पुढच्या दांड्याखालून) एकमेकींवरून तिरप्या, म्हणजे कपलिंग सुटलं तरी ड्रॉबार जमिनीत रुतणार नाही.