अण्णांना तीन आठवडे ठेवायचं की नाही?

प्रश्न : ताई, सासऱ्यांना सात वर्षांपासून पार्किन्सन आहे. आम्ही पंचवटीत जुन्या वाड्यात राहतो. स्वयंपाकघराच्या दारात अण्णांचे पाय जागीच खिळतात. या महिन्यात दोनदा पडले. डॉक्टर म्हणतात, तीन आठवडे रिहॅबमध्ये (चालण्या-उठण्याचा सराव करून घेणाऱ्या पुनर्वसन केंद्रात) अ‍ॅडमिट करा. नणंद म्हणते, ‘म्हाताऱ्याला बाहेर टाकताय.’ काय करू? – एक सून

उत्तर : ठेवा. पण आधी तिथे विचारा, तीन आठवड्यांनी अण्णांना काय जमायला हवं? ‘चालणं सुधारेल’ हे उत्तर चालवून घेऊ नका. खाटेवरून एकट्याने उठणं, संडासातून उठणं, दारातून न अडकता जाणं, असं नेमकं ठरवून घ्या. पाय खिळतात ते अरुंद जागी आणि वळताना. दवाखान्याच्या रुंद पॅसेजमध्ये माणूस झकास चालतो आणि घरी उंबरठ्याशी पुन्हा अडतो. म्हणून दार, उंबरठा, जिना, संडास यांचे फोटो आणि मापं फिजिओथेरपिस्टला द्या.

आता गोळ्या. खरा घोळ इथेच होतो. वॉर्डात औषधं राउंडच्या वेळी मिळतात, सगळ्यांना एकदमच. अण्णांची लिव्होडोपाची (पार्किन्सनच्या मुख्य औषधाची) गोळी 7, 11, 3 आणि 7 ला असेल, तर 11 ची गोळी दुपारी जेवणाबरोबर मिळून चालणार नाही. उशीर झाला की अंग आखडतं, गिळणंही अवघड होतं. वेळा मोठ्या अक्षरात लिहून फाइलला लावा, सिस्टरना दाखवा. गोळी जेवणाआधी अर्धा तास; डाळ, दूध, पनीर सोबत नको, प्रथिनांमुळे ती नीट लागू पडत नाही. व्यायामाची वेळ गोळीचा असर असतानाची मागून घ्या. गोळी एकदम बंद करू देऊ नका. तीव्र ताप आणि ताठरपणा येऊन जिवावर बेतू शकतं. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड आणि रात्री भ्रम झाला तर हॅलोपेरिडॉल ही दोन्ही औषधं टाळायची, हे फाइलवर लाल शाईने लिहून घ्या.

आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांनी बीपी मोजायला सांगा. वरचा आकडा 20 ने किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर पडण्याचं एक कारण तेही असू शकतं, आणि त्यावर नुसता व्यायाम पुरत नाही.

तुम्हीही तिथे जाऊन शिका. पाय खिळले की हात धरून ओढायचं नाही, त्याने तोल जातो. थांबायचं, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायचं, ‘एक, दोन’ म्हणत मोठं पाऊल टाकायचं. दाराआधी जमिनीवर पावलाच्या अंतराने ठळक रंगाच्या आडव्या पट्ट्या चिकटवा. वळताना मोठा फेर घ्यायचा. हातात चहाचा कप नको आणि चालताना गप्पाही नकोत, मग नातू कितीही बडबडा असो.

सराव सुटला की फायदा ओसरतो, म्हणून डिस्चार्जआधीच घरी येणारा फिजिओ ठरवा. नणंदबाईंना परत येण्याची तारीख सांगा आणि दोन दिवस सरावाला सोबत न्या. दाराशी पाय सोडवायचे कसे, हे त्यांनाही यायला हवं. घरच्यांना सरावाच्या वेळी आत घेत नसतील, तर दुसरं केंद्र बघा.