मल्टिमीटर घेतलास ना? मग एवढं ऐक

पहिली सवय लाव: प्रोब कुठेही टेकवण्याआधी लाल वायर कुठल्या भोकात आहे ते बघ. करंट मोजून झाल्यावर ती १० अँपिअरच्या भोकात तशीच राहते आणि माणूस व्होल्टेज बघायला २३० व्होल्टच्या सॉकेटला प्रोब लावतो. त्या भोकातून मीटरचा रोध जवळपास शून्य, म्हणजे सरळ शॉर्टच. माझ्या प्रोबचं टोक असंच वितळलं होतं, तो आवाज अजून आठवतो.

व्होल्टेज दोन टोकांवर समांतर मोजायचं, करंट मात्र सर्किट तोडून मध्ये मीटर घालून. रेझिस्टर मोजताना सप्लाय बंद हवाच, शिवाय त्याचा एक पाय सोल्डरमधून मोकळा कर, नाहीतर शेजारच्या पार्टमधून वाट मिळून रीडिंग कमी येतं.

आता पंख्याचा कपॅसिटर घे. पंखा मंद फिरतोय, कपॅसिटरवर २.५ मायक्रोफॅरड, ±५ टक्के छापलंय. मेन बंद कर, रेझिस्टर लावून डिस्चार्ज कर, वायर सोडव, मग मोज. २.३८ ते २.६२ आलं तर ठीक, १.६ आलं तर बदलून टाक. दिसायला अगदी नवा असला तरी!

सिलिकॉन डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा पार्ट, मीटरच्या डायोड मोडवर एका बाजूने ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतो, उलट बाजूने ओएल (OL, म्हणजे मापाच्या बाहेर). दोन्हीकडून शून्य आलं तर डायोड शॉर्ट, म्हणजे खराब.

आणि मीटरने शून्य व्होल्ट दाखवलं म्हणून लगेच वायरला हात लावू नकोस. आधी चालू सॉकेटवर मीटर तपास, मग ती वायर, मग पुन्हा सॉकेट.