नाशिकमध्ये क्लास न लावता पायथॉन ही प्रोग्रामिंग भाषा ऑनलाइन कुठे शिकता येईल?
कॉलेज रोडच्या एका क्लासात पैसे घालवून मग शहाणा झालो, म्हणून सांगतो. आधी आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघा. छोटे व्हिडिओ, फुकट, अनेक विषयांचे मराठी आवाजातही. नंतर पायथॉनच्या अधिकृत साइटवरचं ट्युटोरियल. इंग्रजी आहे, पण सोपं. लॅपटॉप साधाच असेल तर गूगल कोलॅब (पायथॉनचा कोड लिहून चालवायची साइट) ब्राउझरमध्येच चालतं.

एक सांभाळा: print या आज्ञेपुढे कंस नसेल तर तो धडा जुन्या पायथॉन २ चा. त्याचा सपोर्ट १ जानेवारी २०२० लाच संपला, सोडून द्या.

आणि नुसतं बघत बसू नका. घरची द्राक्षबाग असेल तर फवारणीचा खर्च सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी फाइल) भरा, महिन्याची बेरीज छोट्या पायथॉन प्रोग्रामने काढा. माझी पहिली बेरीज साफ चुकली होती, वडील अजून हसतात!