तुमचे प्रश्न : विलायतेतल्या मुलींच्या शाळा

प्रश्न : गणपतीत मुंबईहून आलेले आमचे धाकटे दीर म्हणाले की इंग्रजांच्या बायका पहिल्यापासून शिकलेल्या, तिकडे मुलींना मोठमोठी बोर्डिंगं होती, आपल्या बायका शिकल्या त्या त्यांच्यामुळे. खरं का हो? – एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, बोर्डिंगं होती हे खरं, पण शिकवायचे काय? पियानो, थोडं फ्रेंच, भरतकाम, चारचौघांत बसायचं-उठायचं कसं. आपल्याकडे मुलगी बघायला आले की 'एक गाणं म्हण गो' व्हायचं ना, त्याचीच महागडी तयारी समजा.

हे बदललं ते गव्हर्नेस बायकांपायी. बऱ्या घरातली पण पैसा नसलेली, लग्न न झालेली बाई दुसऱ्याच्या घरी राहून पोरांना शिकवायची, तिला स्वतःलाच कोणी धड शिकवलेलं नसायचं आणि म्हातारपणी तर नुसते हाल. अशांना नीट शिकवून सर्टिफिकेट द्यावं म्हणून १८४८ साली लंडनमध्ये क्वीन्स कॉलेज निघालं. आता दिरांना विचारा, त्याच १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात काय सुरू झालं? जोतिबा-सावित्रीबाईंची मुलींची शाळा!

त्या कॉलेजात शिकलेल्या दोघी पुढे जबरदस्त निघाल्या. फ्रान्सिस बस यांनी १८५० मध्ये उत्तर लंडनला शाळा काढली, ती बोर्डिंग नव्हे, मुली संध्याकाळी घरी. आणि डोरोथिया बील १८५८ पासून १९०६ मध्ये वारेपर्यंत चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्रमुख. या बीलबाई मला फार आवडतात. मुलींना सायन्स शिकवतो म्हटलं तर आईबाप बिथरणार, मग बाईंनी ते 'प्राकृतिक भूगोल' या नावाखाली सुरू केलं, कारण तो विषय मुलांच्या शाळांत फारसा नव्हताच, त्यामुळे मुली मुलांची बरोबरी करतायत असं कोणाला वाटलं नाही. लोक दोघींची टिंगल करायचे, मदनाचे बाण म्हणे यांना लागतच नाहीत, असं कवनच होतं. आपल्या पंडिता रमाबाई याच चेल्टनहॅमला १८८४ ते ८६ होत्या, शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या.

१८६४ मध्ये सरकारने शाळांची चौकशी लावली तीसुद्धा मुलांच्याच शाळांची, मुलींच्या शिक्षणासाठी झगडणाऱ्या एमिली डेव्हिस मागे लागल्या तेव्हा कुठे मुलींच्या शाळा त्यात आल्या, आणि रिपोर्ट काय तर वरवरचा दिखावा, पाया कच्चा. सेंट लिओनार्ड्स, रोडीन, वायकम अ‍ॅबी ही खेळाची मैदानं असलेली नावाजलेली बोर्डिंगं त्यानंतरची, १८७७ ते १८९६ मधली, आणि तीही पैसेवाल्यांच्या पोरींसाठी. गरिबाच्या पोरीला सक्तीची प्राथमिक शाळा १८८० ला, फी माफ १८९१ पासून.

डिग्रीचं तर विचारूच नका. लंडन युनिव्हर्सिटीने १८७८ मध्ये दार उघडलं, पण ऑक्सफर्डने डिग्री दिली १९२० मध्ये आणि केंब्रिजने चक्क १९४८ मध्ये! केंब्रिजला १८९० साली फिलिपा फॉसेट गणितात पहिल्या आलेल्या मुलाच्याही वर होती, तरी डिग्री नाही. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी मुंबई युनिव्हर्सिटीच्या ग्रॅज्युएट होऊन ऑक्सफर्डला गेल्या, १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा दिली, आणि तिथली डिग्री हातात पडली १९२२ ला. म्हणजे मुंबईने जे आधीच दिलं होतं ते द्यायला ऑक्सफर्डला ३० वर्षं लागली. दिवाळीला दीर येतीलच, तेव्हा सांगा.

प्रश्न : त्या बोर्डिंगांत मुलींचे हाल व्हायचे म्हणतात. मुलीला दहावीनंतर रत्नागिरीला हॉस्टेलवर ठेवायचंय म्हणून विचारते. – एक आई, गुहागर

उत्तर : काही ठिकाणी फार वाईट व्हायचे. कादंबरीकार शार्लट ब्राँटी आणि तिच्या बहिणी कोवन ब्रिजच्या पाद्र्यांच्या मुलींसाठीच्या स्वस्त बोर्डिंगात होत्या, तिथे थंडी, वाईट जेवण, आजारपण, त्यात थोरल्या दोघी क्षयाने १८२५ मध्ये गेल्या. पण ते २०० वर्षांपूर्वीचं झालं. तुम्ही हॉस्टेलला स्वतः जाऊन मेसमध्ये एकदा जेवा, पाणी-बाथरूम बघा, रात्री रेक्टर तिथेच राहतात का ते विचारा, आणि आधीपासून राहणाऱ्या मुलींशी रेक्टर समोर नसताना बोला.